चाळीस कवड्यांचं वजन

सहाशे किलो. वीस पोती, प्रत्येकी तीस. फिलिपिन्सहून मुंबई बंदरात. शुल्क माफ.

*

हंसाबाईच्या कोंबड्यांचं अंडं तव्याच्या कडेवर एकदा आपटून फुटत नाही. दोनदा आपटावं लागतं.

*

‘बॅग मांडीवर घेतली तरी काहीच टोचत नाही, फार छान,’ असं नेदरलँड्समधल्या एका दुकानदारणीनं कळवलं होतं. खाली हसरा चेहरा काढला होता.

*

यवतमाळच्या सराफा ओळीतल्या एका सोनारानं तीन वर्षांपूर्वी सोन्याच्या काट्यावर भलतंच काहीतरी तोलून दिलं. पैसे घेतले नाहीत. पुन्हा येऊ नका, एवढं म्हणाला.

*

चोर समजून कोणी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. हा नियम तांड्यात कुणी लिहून ठेवलेला नाही.

*

रकाना सात : तफावत.
रकाना आठ : तफावतीचं कारण.

*

हा आठवा रकाना भरायला उर्वशी राठोड नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी महागावला एसटीतून उतरली आणि ऑटोनं फुलसावंगीच्या अलीकडच्या तांड्यावर पोचली. पाठीवर लॅपटॉप, हातात छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, आणि फाइलमध्ये एक टाइप केलेला जबाब, ज्याच्या खाली सहीची जागा मोकळी होती.

आधी तिचं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढं अडखळायला नको. ज्या कारखान्यांचा माल बाहेरदेशी जातो किंवा तिकडून येतो, त्यांचे कस्टम्सचे कागद यवतमाळात पियुष सरांच्या ऑफिसात तयार होत. सरकारचं म्हणणं असं : कच्चा माल बाहेरून आणा, आम्ही शुल्क घेत नाही. पण त्याचा पक्का माल करून बाहेर पाठवा, आणि शेवटी आम्हाला किलो-किलोचा तक्ता द्या. आणलं किती, गेलं किती, उरलं किती. तक्ता जुळला की परवाना बंद, सगळे मोकळे. नाही जुळला की नोटीस. हे तक्ते उर्वशी करायची. दालमिलवाले, जिनिंगवाले, एक मसालेवाला, सगळ्यांचे. तिच्या तक्त्यात आजवर टाचणीएवढी चूक निघाली नव्हती, आणि ही गोष्ट ती स्वतःच लोकांना सांगायची. त्यामुळे ऑफिसात तिच्याबरोबर कुणी डबा खात नसे.

नयन डेहनकर हा त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त ओरडणारं गिऱ्हाईक. बंजारा भरतकामाच्या बॅगा युरोपात पाठवायचा. प्रत्येक बॅगेवर चाळीस कवड्या. भरतकाम तांड्यावरच्या केंद्रात व्हायचं, बावीस बाया, आणि त्यांच्यावर बबिता आडे. कवड्यांची पोती बबिताच्या ताब्यात, रजिस्टर बबिताच्या हातचं.

आणि तक्ता असा झाला होता :

आणल्या, ६०० किलो.
बॅगांवरून गेल्या, ३४८ किलो (बॅगा १४,५००, दर बॅगेला ४० कवड्या, २४ ग्रॅम).
पोत्यात शिल्लक, १२ किलो.
तफावत, २४० किलो.

दोनशे चाळीस किलो कवड्या काही खिशातून पडत नाहीत. नयननं बबिताचं रजिस्टर मागवून घेतलं होतं आणि त्याला त्यात आठवड्यातून दोनदा येणारी एक नोंद सापडली होती : ‘घरी नेल्या’. दोन किलो घरी नेल्या. तीन किलो घरी नेल्या. अडीच वर्षं, न चुकता. पुढचं त्यानं स्वतःच जुळवलं. आठवा रकाना, कामाच्या ठिकाणी चोरी. जबाबदार, बबिता आडे. बबितानं तसा जबाब सही करून द्यायचा. नाही दिला तर पोलिसात तक्रार द्यायची आणि तिची प्रत तक्त्याला जोडायची. कस्टम्सला कागद लागतो, कागद मिळेल.

“तुम्हीच जा,” पियुष सर उर्वशीला म्हणाले होते. “तुमचेच लोक आहेत, तुम्हाला सांगतील.”

उर्वशीचे वडील एसटीत कंडक्टर होते. ती यवतमाळात वाढली. गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा, तिला कळत होती, बोलता येत नव्हती, आणि ‘तुमचे लोक’ हे दोन शब्द कानावर पडले की तिच्या मानेला घाम यायचा. ती आली ती या घामासकट.

*

केंद्र म्हणजे समाजमंदिराचा हॉल. बावीस बाया चटयांवर. ती दारात उभी राहून राम राम म्हणाली. एकही मान वर झाली नाही. याच हॉलच्या ओट्यावर वीज तोडायला आलेल्या लाइनमनलाही आधी पाणी आणि मग शिव्या दिल्या होत्या. उर्वशीला दोन्ही मिळालं नाही.

“बसा म्हननार नाई,” बबिता म्हणाली. पस्तिशीची, बारीक, तोंडात दोरा धरून बोलणारी. “खुर्ची नयनशेठची हाये. त्यायलेच इचारा.”

उर्वशी उभीच राहिली. कागद काढला.

प्रश्न १. माल आला तेव्हा वजन पूर्ण होतं का?
बबिता : तुमच्याच काट्यावर तोललं होतं नं.

प्रश्न २. शिवताना, हाताळताना कवड्या फुटतात का?
बबिता : फुटतेत. थ्या डब्यात हायेत. एक बी फेकली नाई.

प्रश्न ३. शिल्लक किती?
बबिता : तुमाले दिसून राह्यलं, मले काहून इचारता?

प्रश्न ४. रजिस्टरात दर आठवड्याला ‘घरी नेल्या’ असं लिहिलंय. घरी नेल्यावर त्यातल्या परत किती आणल्या?

उत्तर नाही.

बावीस सुया थांबल्या. मग एकीची चालू झाली, मग सगळ्यांची. पाठीमागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “कोर छ.” परकी आहे. उर्वशीला कळलं. आणि तिला कळलं हे त्यांनाही कळलं, कारण तिघी गालात हसल्या.

“राठोड म्हंतेत नं हिले?” दुसरी म्हणाली.

“आडनाव राठोड. जबान साहेबाची.”

प्रश्न ५ तिनं विचारलाच नाही. तयार बॅगांच्या ढिगातून तीस बॅगा काढल्या आणि कवड्या मोजल्या. चाळीस. चाळीस. चाळीस. तिसांतल्या तीसही बॅगांवर चाळीस. एकही कमी असती, एकही जास्त असती, तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. फुटक्यांचा डबा तोलला : सात किलो नऊशे साठ ग्रॅम. अडीच वर्षांत आठ किलोही नाही. इतकं जपून वागणाऱ्या बाया उरलेल्या दोनशे बत्तीस किलोंचं काय करत असतील, हे तिला समजेना, आणि न समजलेली गोष्ट तिला नेहमीच अपमानासारखी वाटायची.

साडेबाराला नयनचा फोन. फोनचा आवाज मोठा होता, हॉल शांत होता.

“मॅडम, झाली सही?”

“नाही. बोलत नाहीत.”

“बोलतील कशा? घरं पाहा. पोती सापडतील. आणि पाच वाजेपर्यंत सही आली नाही तर मी ठाण्यात जातोच. तक्रार टाइप करून खिशात ठेवली आहे.”

बबितानं दातातला दोरा तोडला. “अटक कवा करनार, थे बी इचारून घ्या. म्हंजे कापूस येचाची मजुरीन दुसरी पाहतो.”

एक बाई हसली. बबिता हसली नाही. तिचा अंगठा सुईवर नुसताच फिरत राहिला.

“घरं बघायची आहेत,” उर्वशी म्हणाली.

कोपऱ्यातली सगळ्यात म्हातारी बाई उठली. हंसाबाई. सत्तरीच्या पुढची, दंडापर्यंत बांगड्या, गुडघ्यावर हात दाबत उभी राहिली. “माह्या घरापासून पाह्य. सुरू कर.”

वाटेत ती एकदाच बोलली. “माह्या सासऱ्याच्या बापाले रोज पाटलाच्या दारी हजेरी द्या लागे. काय चोरलं होतं? काई नाई. तांड्यात जल्मला होता.”

दारात उर्वशीनं सवयीनं चप्पल काढली.

“घाल,” हंसाबाई म्हणाली.

“असू द्या, याडी.” गोरबोलीत आईला म्हणतात तसं.

“घाल म्हनलं. चोराच्या घरात कोनी चप्पल काढते का? आन् आजी म्हन. याडी म्हनाले तुले कोनं सांगतलं?”

उर्वशीनं चप्पल घातली. सारवलेल्या जमिनीवर तिच्या टाचांचे ठसे उमटत गेले. तिनं सोयाबीनच्या चार पोत्यांत कोपरापर्यंत हात घातला. खाटेखाली पाहिलं. लोखंडी पेटी उघडली, त्यात लुगडी आणि एका मुलाचा पासपोर्ट साइज फोटो. बबिता दारात मोबाइल धरून उभी.

“व्हिडिओ काढून राह्यली मी. तू कसं घर पाह्यलं थे तुह्या मायले दाखवजो.”

पोत्यात सोयाबीनच निघालं. कवड्या म्हणाव्यात तर चुलीजवळ एका वाडग्यात, शिलकीच्या बारा किलोंतल्याच, उद्याच्या कामाच्या, जेमतेम दोन किलो.

आणि मग हंसाबाईनं तिची दखल घेणंच सोडून दिलं. अंगणात गेली, एका दगडापुढं बसली, दगडावर पाणी शिंपडलं, वाडग्यातली एक कवडी उचलली, पालथी घातली आणि घासायला लागली.

खर्र खर्र. खर्र खर्र. कवडीची फुगीर पाठ झिजत गेली, तिथं भोक पडलं, भोक रुंदावलं, आणि कवडी पाठीकडून सपाट झाली. टोपलीत टाकली. दुसरी. दगडावरून पांढरं पाणी ओघळत होतं. काल-परवाचं वाळून त्याचे पापुद्रे झाले होते आणि दोन कोंबड्या ते टोचून टोचून खात होत्या.

उर्वशी पाहत राहिली. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं.

“हे काय करता?”

हंसाबाईनं पुढची कवडी उचलली.

“हे घासता कशाला?”

हा चोरीचा सवाल नव्हता म्हणून असेल, किंवा शिकलेल्या बाईला एवढंही ठाऊक नाही याची चीड आली म्हणून असेल, बबितानं मोबाइल खाली घेतला.

“कायले म्हंजे? पाठ फुगलेली कवडी कापडावर बसते का? लोळते थे. सुई घालाव कुठून? आन् मांडीले टोचते थे येगळंच.”

“सगळ्याच घासता?”

“नाई. अर्ध्या घासतो, अर्ध्या तुह्यासाठी ठेवतो.”

“मग हे रजिस्टरात का नाही लिहिलं?”

“लिहिलं नं. घरी नेल्या. घरी दगड हाये. समाजमंदिरात दगड हाये का?”

“घासल्या असं का नाही लिहिलं?”

बबिता आता खरंच चकित झाली. “भाकर केली त पीठ मळलं असं लिहितं का कोनी?”

*

इथं गोष्ट तीन वर्षं मागं जाते, कारण उर्वशीही गेली.

परवान्याच्या अर्जात लिहावं लागतं की एका नगाला कच्चा माल किती लागतो. दुसरा कुणी असता तर अंदाज ठोकून दिला असता. उर्वशीनं अंदाज कधी ठोकला नव्हता. तिनं नयनकडून नमुन्याची तयार बॅग मागवली, कात्रीनं एकेक कवडी सोडवली, सगळ्या चाळीस रुमालात बांधल्या आणि सराफा ओळीत गेली, कारण तिथले काटे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतात. चोवीस ग्रॅम. शून्य-शून्य. तिनं तो आकडा अर्जात लिहिला, खाली सही केली, आणि घरी येऊन आईला सांगितलं की आज मी काम कसं करायचं असतं ते दाखवलं.

नमुन्याची बॅग याच तांड्यावर झालेली होती. कवड्या घासलेल्या होत्या.

*

तिनं अंगणात मांडी घातली आणि काटा जमिनीवर ठेवला. वाडग्यातल्या चाळीस कवड्या मोजून घेतल्या, न घासलेल्या. चाळीस ग्रॅम. टोपलीतल्या चाळीस, पुसून. चोवीस. सोळा ग्रॅम दगडावर. चौदा हजार पाचशे गुणिले सोळा. मोबाइलवर आकडा आला तेव्हा ती त्याच्याकडं पाहून ओळखीचं माणूस भेटावं तशी गप्प झाली. दोनशे बत्तीस किलो. डब्यातल्या फुटक्या आठ. दोनशे चाळीस.

तिनं पियुष सरांना फोन लावला आणि जसं पाहिलं तसं सांगितलं.

“बरं,” सर म्हणाले. “मग ती दोनशे बत्तीस किलो पावडर आहे तिथं?”

“नाही.”

“कुठं गेली?”

“नालीत. पाण्याबरोबर. काही कोंबड्यांनी खाल्ली.”

“म्हणजे कोंबड्यांचे जबाब जोडू?”

“सर, मी इथं तोलून पाहिलंय.”

“उर्वशी, नीट ऐक. चोरीला कागद असतो. तुझ्या खर्र खर्रला कागद नाही. आणि चोवीस ग्रॅमवर सही कोणाची आहे? माझी नाही. नयनची नाही. तीन वर्षं हाच आकडा आपण दर तिमाहीला पाठवला. आता म्हणायचं, चुकलं? मग बाकीच्या पार्ट्या आपापले तक्ते घेऊन उद्या दारात उभ्या राहतील. ती बाई सही देते का बघ. नसेल देत तर ये निघून, तक्रार लागेल ती लागेल.”

फोन ठेवला. आवाज मोठाच होता.

“म्हंजे तू तोललं,” बबिता म्हणाली.

उर्वशी काट्याकडं बघत होती.

“शेठनं नाई. साहेबानं नाई. तू. आन् नाव माहं टाकून राह्यली.”

“तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं की घासता, तर हे झालंच नसतं.”

“तू पयल्या दिवशी आली असती त पाह्यलं असतं. तीन वर्सं झाली. कोन आलं? आज आली त थेट पेटीत हात घातला.”

“मी विचारलं होतं. परत किती आणल्या, असं सरळ विचारलं.”

“असं चोराले इचारतेत.”

दोघींचाही आवाज चढलेला नव्हता. केंद्रातल्या बाया एकेक करून येऊन भिंतीशी उभ्या राहायला लागल्या होत्या.

उर्वशी परत जाऊ शकत होती. तिनं ते मनात आणलं, लपवण्यात अर्थ नाही. सव्वातीनचा ऑटो, पाचची एसटी, आठव्या रकान्यात एक शब्द. बबिता पोलिसात फेऱ्या मारेल, केंद्र बंद होईल, आणि उर्वशीचा एकही तक्ता चुकलेला नाही हे पुढंही खरं राहील. फक्त ते खोटं आहे हे भिंतीशी उभ्या असलेल्या बावीस बायांना माहीत असेल. बबिताच्या भविष्याची तिला कीव आली असं म्हणणं खोटं ठरेल. तिला त्या बायांची नजर सोसवत नव्हती. त्या तिच्याहून जास्त अचूक निघाल्या होत्या, आणि हे माहीत असलेल्या माणसांना जगात सोडून ती यवतमाळला झोपू शकली नसती.

“शिल्लक बारा किलोंतल्या एक किलो काढा,” ती म्हणाली. “आत्ता, इथं, मोजून घासा. आधीचं वजन, नंतरचं वजन. तुम्ही व्हिडिओ घ्या. तो पुरावा होईल.”

“कोन घासनार?” हंसाबाईनं विचारलं.

“तुम्ही सगळ्या.”

“आमी नाई.” हंसाबाईनं हात पदराला पुसले. “चोराच्या हातचं काम तुह्या कागदाले चालते का?”

“आजी, मी तुमच्याच बाजूनं—”

“माह्या बाजूले उभी राहू नोको. गरम होते मले.”

भिंतीशी हशा पिकला. बबिता हसली नाही. तिनं उर्वशीच्या फाइलमधून तो जबाब ओढून काढला, पालथा केला, आणि उर्वशीचंच पेन तिच्यापुढं धरलं.

“ह्याच्याच मांगं लिही. पयले लिही. मंग घासू.”

“काय लिहू?”

“काय चुकलं थे. कोनाचं चुकलं थे.”

उर्वशीनं लिहिलं. *मी, उर्वशी राठोड, हिने परवान्याच्या अर्जासाठी नमुन्याच्या बॅगेवरील कवड्या तोलल्या. त्या घासलेल्या होत्या. ते वजन मी कच्च्या मालाचे म्हणून लिहिले. केंद्रातील महिलांनी माल चोरलेला नाही.*

बबितानं मोठ्यानं वाचलं.

“महिला नोको,” हंसाबाई म्हणाली. “त्यायनं महिला म्हनलं का? त्यायनं बबिता म्हनलं. बबिताचं नाव लिही.”

“पुरं नाव,” भिंतीवरून आलं.

“नवऱ्याचं नाव नोको टाकू. थो काई घासत नाई.”

उर्वशीनं महिला खोडून *बबिता आडे* लिहिलं. खाडाखोडीपुढं सही केली, तशी पद्धत असते म्हणून. बबितानं ती सहीही वाचली, जणू तीही खोटी असू शकते.

मग दगड आले. बावीस घरांतून बावीस दगड समाजमंदिराच्या ओट्यावर. एक किलो कवड्या बबितानं पसापसा वाटल्या. आणि तो आवाज सुरू झाला. बावीस दगडांचा एकदम, इतका की रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टरवाला गाडी थांबवून बघत राहिला. बाया आपसांत बोलत होत्या, कापसाबद्दल, कुणाच्या सुनेबद्दल. उर्वशीशी कुणीही नाही. तिनं एक कवडी उचलून स्वतः घासून पाहिली. तिसऱ्या खर्रला ती चिरली आणि बोटात घुसली.

“फुटकीत मोज,” बबिता म्हणाली. “तुह्या नावानं.”

वीस मिनिटं लागली. मग कवड्या चादरीवर उन्हात वाळवल्या. तोवर सगळ्या ओट्यावर बसून राहिल्या, मधे उर्वशी आणि तिचा काटा.

घासलेल्या, पाचशे ब्याण्णव ग्रॅम. फुटक्या, चौदा. बाकीचं ओट्यावर, पांढरं, ओलं.

अडीच वर्षांचा हिशोब आणि हे एक किलो यांत फरक पडला नाही म्हटलं तरी चालेल. उर्वशीच्या छातीत काहीतरी सुखानं हललं आणि तिला स्वतःचाच राग आला.

ती लॅपटॉप उघडून पायरीवर बसली. आठव्या रकान्यात लिहिलं : *कवडीची पाठ घासताना होणारी घट. मूळ प्रमाण चुकीचे. चूक अहवाल तयार करणारीची.* कागदाचा फोटो जोडला, बबिताच्या मोबाइलवरचा व्हिडिओ जोडला. नयन आणि पियुष सर, एवढ्या दोघांनाच पाठवलं असतं तर ते संध्याकाळपर्यंत पुरलं गेलं असतं. म्हणून तिसरा पत्ता टाकला, नागपूरच्या त्या अधिकाऱ्याचा, ज्याला तिचे सगळे तक्ते जात आणि ज्याचं उत्तर आजवर कधीच आलं नव्हतं. नेटवर्क एका काडीचं होतं. पाठवलं जाईपर्यंत सगळ्या बाया तिच्या पडद्याकडं बघत होत्या, अविश्वासानं, चुलीवरच्या दुधाकडं बघावं तसं.

गेलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

चार वाजून चौदा मिनिटांनी पियुष सरांचा मेसेज : *उद्यापासून येऊ नको. काटा ऑफिसचा आहे, जमा कर.*

नयनला तिनं तीनदा फोन लावला. त्यानं उचलला नाही.

“काय म्हंते शेठ?” बबितानं विचारलं.

“उचलत नाही.”

“उचलन. सहीसाठी उचलत होता नं.”

बाया आपापले दगड कडेवर घेऊन पांगल्या. एकीनंही जाते म्हटलं नाही. हंसाबाई ओट्यावरचं पांढरं पाणी खराट्यानं खाली लोटत होती. उर्वशीचे पाय मधे आले तशी ती खराटा न थांबवता म्हणाली, “सरक.”

बबिता तिच्यासोबत रस्त्यापर्यंत आली. सोबत म्हणायचं इतकंच, दोन हात मागून, जनावर शेताबाहेर काढावं तशी. तो पालथा कागद तिनं रजिस्टरात घालून रजिस्टर बगलेत मारलं होतं.

“त्याची झेरॉक्स काढून ठेवा,” उर्वशी म्हणाली. “दोन. एक घरी ठेवू नका.”

“तू सांगू नोको.”

“पोलीस आले तर आधी हाच दाखवा.”

“पोलीस काहून येतीन आता? लिहून देल्लं नं तू.”

उर्वशीनं रस्त्याकडं पाहिलं. लांबून ऑटो येताना दिसला. बबितानंच हात केला, आणि तो थांबेपर्यंत रजिस्टरावरची पकड तिनं दोनदा बदलली.

“परत येजो नोको,” ती म्हणाली. “आन् आलीस त पानी सोबत आन.”

बबिता आडेच्या नावाची तक्रार नयन डेहनकरनं आदल्याच दिवशी, सोमवारी दुपारी चार वाजता, ठाण्यात दिली होती.